जगाचे दुःख एकटीने किती वाहायचे?

बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी प्राथमिक शिक्षिका असलेल्या, सेहेचाळीस वर्षांच्या एका भगिनींनी हे पत्र पाठवले आहे. त्यांच्या घरात ख्रिस्ती श्रद्धा पणजोबांपासून चालत आली आहे. रविवारच्या उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे इतरांसाठी देवाकडे केलेली विनवणी, चालवण्याचे काम गेली काही वर्षे त्यांच्याकडे आहे. शनिवारी रात्री वर्तमानपत्र आणि मोबाइलवरच्या बातम्या चाळून त्या प्रार्थनेचे विषय वहीत उतरवतात. युक्रेन, गाझा, सुदान, मणिपूर ही नावे त्या वहीत आठवड्यामागून आठवडे येत आहेत आणि एकही नाव खोडता येत नाही. अलीकडे प्रार्थना करताना आपण वर्गात हजेरी घेतो आहोत असे त्यांना वाटू लागले आहे. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत सिंदफणेकाठची भावाची जमीन सोयाबीनसकट खरडून गेली तेव्हा त्या रडल्या. गाझातल्या मुलांची छायाचित्रे मात्र आता त्या अंगठ्याने वर सरकवून टाकतात आणि त्याची त्यांना लाज वाटते. मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी त्यांना सांगितले, की ही शेवटल्या काळाची चिन्हे आहेत, विश्वासणाऱ्याने खचायचे नसते. बारावीतल्या मुलाने विचारले, की देव हे सगळे बघत असेल तर मग करतो काय. त्यावर त्या गप्प राहिल्या. त्यांचा प्रश्न असा आहे: ‘माझा विश्वास संपत चालला आहे का? आणि तसे असेल, तर मंडळीपुढे उभे राहून प्रार्थना चालवणे ही लबाडी नाही का?’

प्रिय ताई,

सप्रेम सलाम.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो तुम्हाला जास्त छळतो आहे असे पत्रावरून दिसते. ही लबाडी नाही. मध्यस्थीची प्रार्थना चालवणारी व्यक्ती मंडळीच्या वतीने बोलत असते. त्या क्षणी तिच्या मनात किती ओलावा आहे यावर त्या प्रार्थनेचा खरेखोटेपणा ठरत नाही. तापाने फणफणलेल्या पाळकांनी दिलेले प्रभुभोजन कमी प्रतीचे होत नाही, मग कोरड्या मनाने वाचलेली प्रार्थना तरी खोटी का व्हावी? एवढ्यावर तुमचे समाधान होणार नाही हे मला ठाऊक आहे, कारण तुमची खरी अडचण पहिल्या प्रश्नात आहे, आणि त्या प्रश्नाखाली दोन गृहीतके आहेत जी तुम्ही तपासून न पाहता स्वीकारली आहेत.

पहिले गृहीतक असे, की विश्वास जिवंत असेल तर प्रत्येक दुःखाने डोळ्यांत पाणी यायला हवे आणि सगळ्या दुःखांसाठी सारखेच यायला हवे. हे मोजमाप तुम्ही कोठून आणले? शुभवर्तमानात येशूने सांगितलेल्या गोष्टीतला शोमरोनी माणूस यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर अर्धमेल्या पडलेल्या एका माणसाजवळ आला, त्याला पाहिले आणि मग त्याला कळवळा आला. त्या दिवशी रोमी साम्राज्यात आणखी किती जण वाटांवर पडले होते याची वार्ता त्याच्यापर्यंत येण्याची सोयच नव्हती. भावाच्या शेतासाठी तुम्ही रडलात, कारण त्या बांधावर तुम्ही लहानपणी हिंडला असाल, त्या जमिनीवर कोणाचे किती कर्ज आहे हे तुम्हाला माहीत आहे, आणि पेरणीला झालेला खर्चही बहुधा तोंडपाठ असेल. गाझातली मुले तुमच्यापर्यंत येतात ती चार इंची काचेवर, दोन जाहिरातींच्या मधून. या दोन गोष्टींनी मन सारखेच हलावे अशी अपेक्षा करणे म्हणजे मनाच्या घडणीवरच आरोप ठेवणे आहे.

मानसशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला आहे. रुग्णसेवेतल्या परिचारिकांना जडणाऱ्या अशाच थकव्याबद्दल १९९० च्या दशकापासून लिहिले जाऊ लागले. पॉल स्लोविक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की एका मुलाचा चेहरा पाहून माणूस हेलावतो, पण आकडा वाढत जातो तशी त्याची संवेदना वाढण्याऐवजी बोथट होत जाते. २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या एका सीरियन बालकाच्या छायाचित्राने जग हादरले, स्वीडनच्या रेडक्रॉसकडे निर्वासितांसाठी देणग्यांचा पूर आला, आणि काही आठवड्यांतच तो ओसरला. ते देणगीदार दुष्ट नव्हते आणि तुम्हीही नाही. तुमचा अंगठा छायाचित्र वर सरकवतो तेव्हा तुमचे मन स्वतःला वाचवत असते. ही सवय कायमची व्हावी असे मी म्हणणार नाही, पण तिला अविश्वासाचे नाव देऊ नका.

दुसरे गृहीतक तुमच्या पत्रात उघड लिहिलेले नाही, पण ‘हल्ली’ हा शब्द तुम्ही इतक्यांदा वापरला आहे की ते लपतही नाही. आजच्याइतके दुःख पूर्वी नव्हते, म्हणून पूर्वजांना विश्वास ठेवणे सोपे गेले, असे तुम्हाला वाटते. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. मराठी ख्रिस्ती मिशनरी नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेलची वसाहत उभी केली तो काळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. त्याच अर्धशतकात १८७६-७८ चा, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा असे तीन मोठे दुष्काळ आले, मधेच प्लेग आला आणि पुढे १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाने देशभरात एक कोटीहून अधिक माणसे नेली. तुमच्या पणजोबांनी विश्वास धरला तो अशा दिवसांत. मात्र त्यांना स्वतःच्या आणि आसपासच्या गावांचे दुःख कळत होते, आणि त्या दुःखात हात घालण्याजोगे काहीतरी त्यांच्या आवाक्यात होते, मग ते मूठभर धान्य असो की मातीला जाणे असो. तुम्हाला पाच खंडांचे दुःख दररोज कळते आणि त्यातल्या बहुतेकांबाबत तुमच्या हाती काहीच नसते. तुमचा थकवा बहुतांशी या तफावतीतून आला आहे असे माझे मत आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे आठवते. त्यांचे आई, वडील आणि थोरली बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने गेली; भूक काय असते हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून निराधार मुलींना आणून केडगावच्या आवारात ठेवले. साऱ्या मध्य प्रांताचा दुष्काळ त्यांनी हटवला नाही, तो त्यांच्या हाती नव्हताही. त्यांनी काही मुली आणल्या, त्यांना जेवू घातले आणि शिकवले. रमाबाईंचे मोठेपण आपल्याला पेलणारे नाही हे खरे, पण आपल्या हाताला लागेल तेवढेच उचलण्याची त्यांची ही रीत मात्र कोणालाही पेलेल.

आता मंडळीतल्या ज्येष्ठांविषयी. त्यांचा हेतू चांगलाच असणार, पण त्यांचे म्हणणे मला मुळीच पटलेले नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात लढायांचा, दुष्काळांचा आणि भूकंपांचा उल्लेख आहे हे खरे. मात्र तेथे सांगितले आहे ते घाबरू नका असे, आणि घाबरू नका याचा अर्थ हळहळू नका असा होत नाही. मरण पावलेल्या आपल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेपाशी येशू रडला, तेही त्याला आपण उठवणार हे ठाऊक असताना. आणि दुःखाचा झटपट अर्थ लावणाऱ्यांना येशूने काय उत्तर दिले तेही पाहावे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली होती. ती इतरांहून अधिक पापी होती असे तुम्हाला वाटते काय, असे विचारून लगेच तो स्वतःच म्हणतो, की तसे नाही. त्या मृत्यूंचे स्पष्टीकरण त्याने दिले नाही. जुन्या करारातल्या, संकटांनी गांजलेल्या ईयोबाच्या मित्रांचे तर त्याहून वाईट झाले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले तोवर त्यांचे सगळे ठीक होते. कारणे सांगायला लागले आणि बिघडले, इतके की शेवटी देवाने त्यांच्यावरच राग धरला आणि तक्रारी करणारा ईयोबच माझ्याविषयी खरे बोलला असा निवाडा दिला.

दुःखाच्या कारणांबद्दल एक गोष्ट मराठवाड्यातल्या माणसाला वेगळी सांगावी लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर गावे झोपेत असताना किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. देवाने असे का केले हा प्रश्न तेव्हा घरोघरी विचारला गेला. पण मध्यम तीव्रतेच्या त्या भूकंपात इतके जीव का गेले, या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर होते. गावातली घरे दगडमातीच्या जाड भिंतींची होती, वर माळवदाचे ओझे होते, आणि ते सगळे झोपलेल्या माणसांच्या अंगावर आले. पुनर्वसनात भूकंपाला टिकणारी घरे बांधली गेली ती या दुसऱ्या प्रश्नामुळे. पहिला प्रश्न सोडून द्यावा असे मी म्हणत नाही, तो कोणाला सोडता येतही नाही. पण तुमच्या वहीतली चारही नावे पाहा: युक्रेनमध्ये २०२२ च्या फेब्रुवारीपासून, सुदानमध्ये २०२३ च्या एप्रिलपासून, मणिपुरात त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून आणि गाझात ऑक्टोबरपासून जे चालले आहे ते माणसांनी माणसांना केलेले आहे. त्याचा जाब केवळ देवाला विचारत राहिलो तर ज्यांना विचारायला हवा ते सुटतात.

तुमच्या मुलाचा प्रश्न मी यामुळेच बंडखोरीत धरत नाही. देव आहे, तो न्यायी आहे आणि लेकरांचे हाल त्याला चालता कामा नयेत, हे तो कोणाकडून शिकला? रविवार शाळेतून आणि तुमच्याकडूनच. तुम्ही गप्प राहिलात ते चुकले असेही मला वाटत नाही, पण ते मौन आता लांबवू नका. ‘मलाही ठाऊक नाही, आणि मीही देवाला हेच विचारते’ एवढे त्याला सांगा. मग त्याच्यासोबत बसून स्तोत्रसंहितेतले तेरावे स्तोत्र वाचा, ज्यात स्तोत्रकर्ता देवाला कोठवर, कोठवर असे पुन्हा पुन्हा विचारतो. त्यानंतर अठ्ठ्याऐंशीवे वाचा. बहुतेक विलापाची स्तोत्रे अखेरीस आशेकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. आपल्या मंडळ्यांत ते कधी वाचले जात नाही ही माझी जुनी तक्रार आहे. आपण स्तुतीची गीते टाळ-ढोलकीवर मनापासून गातो ते चांगलेच, पण जिच्या घरात नुकताच कोणी फवारणीचे औषध पिऊन जीव दिला आहे, त्या बाईने त्या वेळी काय म्हणावे याची सोय आपण ठेवलेली नाही. येशूने वधस्तंभावर स्तोत्रातलीच ओळ उच्चारली, माझा त्याग का केलास असे विचारणारी. तक्रार करणारा माणूस विश्वासाबाहेर जातो असे मानायचे झाले, तर ही ओळ कोठे ठेवायची?

तुमच्यापुढे आता काय पर्याय आहेत ते पाहू. प्रार्थनेचे काम सोडावे असे तुम्ही सुचवले आहे. कायमचे सोडू नका, पण दोन-तीन महिन्यांची विश्रांती जरूर घ्या. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून आता पुरे, माझा प्राण घे असे म्हणाला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दूताने त्याला भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, आणि उठवून पुन्हा खाऊ घातले. पुढे आपण एकटेच उरलो आहोत अशी त्याची तक्रार होती, तिला मिळालेले उत्तरही लक्षात ठेवण्याजोगे आहे: आणखी सात हजार आहेत. तुमच्या मंडळीत सात हजार नसतील, पण ही प्रार्थना चालवू शकतील अशी चार माणसे नक्की असतील.

बातम्या पूर्ण बंद करणे हा दुसरा पर्याय. तो मला पसंत नाही, कारण अन्याय करणाऱ्यांना हवे असते ते आपण पाहू नये हेच. मात्र पाहण्याची पद्धत बदला. दिवसातून एकदा, सकाळी, छापील वर्तमानपत्र वाचा. हल्ल्यांच्या चित्रफिती पाहू नका आणि व्हॉट्सॲपच्या गटांत येणारी तशी दृश्ये उघडू नका. त्यांतून माहिती फारशी मिळत नाही आणि झोप मात्र जाते. शनिवारी रात्री तर मोबाइल लांबच ठेवा.

मंडळीत जाणेच थांबवावे, हा तिसरा विचार तुमच्या मनात येऊन गेला असावा. काही रविवार मागच्या बाकावर नुसते बसून राहायचे असेल तर बसा. पण घरी एकट्याने या प्रश्नांशी झुंजणाऱ्यांपैकी फार थोडे जण हलके होताना मी पाहिले आहेत.

विश्रांतीनंतर काम पुन्हा हाती घ्याल तेव्हा ती वही बदला. एका रविवारी दूरचे एकच ठिकाण आणि जवळची एकच गोष्ट घ्या. दूरच्या ठिकाणाबद्दल दोन वाक्यांची खरी माहिती द्या, मग मिनिटभर शांतता पाळा आणि मंडळीला ‘हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक’ एवढेच म्हणू द्या. पोप फ्रान्सिस जगभरातल्या कॅथलिकांचे प्रमुख होते. गाझाचे युद्ध सुरू झाल्यानंतर तेथल्या होली फॅमिली या एका चर्चला ते जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करीत, आणि २१ एप्रिल २०२५ रोजी त्यांचे निधन होण्याच्या काही दिवस आधीपर्यंत त्यांनी हे चालू ठेवले. त्या फोनने युद्ध थांबले नाही. उलट त्याच वर्षीच्या जुलैमध्ये त्या चर्चवर मारा होऊन तीन जण दगावले. तरी ज्यांना रोज फोन येत होता त्यांना विचारले तर ते त्याला निरर्थक म्हणणार नाहीत. जगातली सगळी नावे घेण्यापेक्षा एक नाव वर्षभर धरून ठेवणे मला अधिक प्रामाणिक वाटते. जमल्यास त्याच ठिकाणच्या मदतकार्याला दरमहा ठरावीक रक्कम द्या, मग ती शंभर रुपये का असेना.

जवळच्या गोष्टीत मात्र प्रार्थनेवर थांबू नका. तुमच्या भावाच्या जमिनीचा पंचनामा नीट झाला आहे का, त्यात पिकाच्या नुकसानीबरोबर जमीन खरडून गेल्याची नोंद आहे का, हे तलाठ्याकडे जाऊन पाहा. या दोन्ही नुकसानींची मदत वेगवेगळी असते आणि नोंदच नसेल तर दुसरी मिळत नाही. तुमच्या परिसरात एखाद्या शेतकऱ्याने आत्महत्या केली असेल तर त्याच्या पत्नीकडे जा. प्रकरण पात्र ठरले तर कुटुंबाला सरकारकडून १ लाख रुपये मिळतात, पण त्यासाठी सातबारा, कर्जाचे कागद आणि इतर दाखले तहसीलला पोचवावे लागतात, आणि त्या दिवसांत त्या बाईला कोणी सोबत नसते. तुम्ही शिक्षिका आहात, अर्ज लिहिणे आणि खिडकीवर न घाबरता बोलणे तुम्हाला जमते. देणाऱ्याचा धर्म तेथे कोणी विचारत नाही, आणि आपणही तो आपणहून सांगत बसू नये.

एक गोष्ट वेगळी काढून सांगतो, आणि ती असेच पत्र लिहू पाहणाऱ्या इतर वाचकांसाठीही आहे. झोप उडणे, जेवण नकोसे होणे, कशातच मन न लागणे, जगणे नको वाटणे, असे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल तर तो श्रद्धेचा प्रश्न न मानता डॉक्टरांना दाखवावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत, विनामूल्य आणि केव्हाही बोलता येते. प्रार्थना आणि औषध यांच्यात निवड करावी लागत नाही.

राहिले तुमचे पाळकसाहेब. त्यांना हे सगळे अजून सांगितलेले नाही असे तुम्ही लिहिले आहे. येत्या रविवारी उपासना संपल्यावर दारात घाईघाईने न बोलता, आठवड्यात एखाद्या संध्याकाळी वेळ मागून त्यांच्या घरी जा. विश्वास संपला आहे अशी सुरुवात करू नका, त्याने ते घाबरतील आणि लगेच उपवास-प्रार्थना ठरवतील. थकले आहे, आणि आणखी तिघांना हे काम वाटून द्या, असे सांगा. आणि जे वाचक आपापल्या मंडळीच्या कमिटीवर आहेत त्यांना माझी विनंती आहे, की मध्यस्थीची प्रार्थना, आजाऱ्यांच्या भेटी आणि मयताच्या घरची धावपळ ही कामे तुमच्याकडे वर्षानुवर्षे एकाच बाईकडे आहेत का, हे पुढच्या बैठकीत पाहा, आणि असतील तर त्याच बैठकीत पाळीपाळीची यादी करा.